दोन गुहागर, एकच भरती

समजा, समांतर विश्वांवरची एक विज्ञानमालिका गुहागरच्या किनाऱ्यावर चित्रित करायची आहे. एका जगातला नायक मुंबईला नोकरीसाठी गेलेला, दुसऱ्या जगातला गावीच राहून पोफळीची बाग शिंपणारा; आणि पहिल्याच भागात हे दोघे सुरूच्या बनाबाहेर वाळूत समोरासमोर उभे राहतात. नट एकच असल्याने कॅमेरा जागचा हलू न देता आधी चौकटीचा डावा भाग चित्रित करतात, मग नट कपडे आणि रंगभूषा बदलून उजव्या बाजूला उभा राहतो, आणि पुढे संगणकावर दोन्ही भाग जोडले जातात. हा जोड सुरूच्या एखाद्या खोडावर घेतला की सहसा दिसत नाही. समोर त्याच उंचीचा बदली माणूस उभा केलेला असतो, म्हणजे नटाची नजर भलतीकडे जात नाही.

बंद स्टुडिओत हे सोपे आहे. किनाऱ्यावर मात्र कपडे बदलण्याच्या अर्ध्या तासात सूर्य आकाशात साडेसात अंश सरकतो आणि सावल्या त्याच्याबरोबर फिरतात. त्याहून अवघड गोष्ट पाण्याची. चाळीस फुटांना एक फूट उतार असलेल्या वाळूवर पाणी फूटभर चढले, तर लाटेची कड चाळीस फूट आत येते. मग पडद्यावर डावीकडे भरती आणि उजवीकडे ओहोटी, असा चमत्कार दिसतो.

या चुकीकडे केवळ तांत्रिक ढिलाई म्हणून पाहता येत नाही. प्रिन्स्टनमधल्या भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी 1957 साली मांडले, की अणू-कणांचे वागणे सांगणारे क्वांटम समीकरण जसेच्या तसे मानले तर मोजमापाच्या वेळी एक शक्यता उरून बाकीच्या नाहीशा होत नाहीत. साऱ्याच टिकतात, फक्त एकमेकींपासून अलग होतात. ब्राइस डेविट यांनी 1970 साली ही कल्पना ‘अनेक विश्वे’ म्हणून लोकांपुढे आणली. मालिकांमध्ये जग फुटते ते नायकाच्या निर्णयापाशी. एव्हरेट यांच्या मांडणीत ते किरणोत्सारी अणू विघटित होण्या-न होण्याइतक्या बारीक घटनेशीही फुटते. दोन जगांमध्ये दार उघडण्याची सोयही या समीकरणात नाही. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी 1991 साली दाखवले, की समीकरणात थोडी अरेषीयता (शक्यतांची साधी बेरीज बिघडवणारा अंश) असती तर शाखांमध्ये, म्हणजे अलग झालेल्या जगांमध्ये, निरोप पाठवता आला असता. पण प्रयोगांत तशी अरेषीयता आढळलेली नाही. तेव्हा नायकांची भेट ही कथेने उघडपणे घेतलेली सवलत आहे, आणि एवढी सवलत मालिकेला द्यायला माझी हरकत नाही.

उरलेले मात्र नीट जुळायला हवे. जगे चाळीस वर्षांपूर्वी अलग झाली असतील, तर हवामान कधीच वेगळे झालेले असेल, कारण एडवर्ड लोरेन्झ यांनी 1963 साली दाखवल्याप्रमाणे वातावरणात नगण्य फरकही वाढत जातो आणि साधारण दोन आठवड्यांपलीकडे दिवसागणिक अंदाज टिकत नाही. एका गुहागरात पाऊस कोसळत असताना दुसऱ्यात कडक ऊन असू शकेल. पण 3,84,000 किलोमीटर दूर फिरणाऱ्या चंद्राला त्या अणूचे काहीच सोयरसुतक नाही. तो दोन्ही आकाशांत त्याच जागी असेल, आणि दोन्ही किनाऱ्यांवर भरती एकाच वेळी येईल.

दिग्दर्शकाने त्यासाठी पंचांग जवळ ठेवावे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पूर्ण भरतीच्या आगेमागे पाणी थबकलेले असते, आणि दोन्ही भाग तेवढ्या वेळात उरकायला हवेत. अष्टमीला भांगाचे पाणी, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्याने चढउतार कमी, पण सहाला उजेड झपाट्याने बदलतो. त्यापेक्षा षष्ठी बरी: साडेचारला भरती, भांग जवळ आलेला, आणि हिवाळ्यातही सूर्य बुडायला दीड तास शिल्लक.