९१ रवे आणि पन्नास लाख अंक

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला गुळाचे ९१ रवे आलेत असं धरू. सगळ्या रांगा सारख्या लावायच्या, एकही रवा उरायला नको. दोन-दोनच्या लावल्या तर एक उरतो, तीन-तीनच्या लावल्या तरी एक, पाच-पाचच्या लावल्या तरी एकच. सात-सातच्या केल्या की मात्र १३ रांगांत सगळे बसतात. ९१ दिसायला मूळ संख्या वाटते, पण आहे संयुक्त.

आता हीच संख्या शंभर अंकी करा, आणि तिला लहान विभाजक नाहीत असं धरा. एकेका संख्येनं भागत वर्गमुळापर्यंत जायचं, तर सेकंदाला अब्ज भागाकार करूनही विश्वाचं वय पुरणार नाही. गंमत अशी, की रवे न हलवताही 'रांगा लागतात' एवढं ठामपणे सांगता येतं. कितीच्या लागतात, ते मात्र कळत नाही.

फ्रेंच गणिती फर्माचा १६४० सालचा नियम आहे: 'प' मूळ असेल आणि पायाला 'प'नं भाग जात नसेल, तर पायाच्या (प−१)व्या घाताला 'प'नं भागल्यावर बाकी १ च उरते. दुसरं काही उरलं, की संख्या संयुक्त.

९१ साठी पाया २ घेऊ. २ चा ९० वा घात २८ अंकी आहे. तो मांडत बसायचा नाही. वर्ग करायचा, ९१ नं भागायचं आणि फक्त बाकी पुढे न्यायची: २, ४, १६, ७४, १६, ७४, १६. या अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ व्या घाताच्या बाक्या. ९० = ६४+१६+८+२, म्हणून १६×१६×७४×४ करा; बाकी ६४. १ नाही, विषय संपला. शंभर अंकी संख्येसाठी भागायचं काम शेवटावर ठेवलंत, तर आकडे फुगून संगणकही बसेल.

पण पाया ३ घेतला, तर ९१ साळसूदपणे बाकी १ देते! ५६१ तर आणखी बिलंदर: ३, ११ आणि १७ यांच्या पटीतले पाये सोडले, तर प्रत्येक पायाला ती मूळ असल्याचं सोंग वठवते. यावर मिलर-राबिन चाचणीचा उतारा आहे. ९० च्या निम्म्यावर, ४५ व्या घातावर थांबा. ३ च्या त्या घाताची बाकी येते २७, आणि २७ चा वर्ग ७२९ = ८×९१+१. विषम मूळ संख्येत वर्ग केल्यावर १ देणाऱ्या बाक्या दोनच: १ आणि प−१. २७ यांपैकी नाही, म्हणून चोरी पकडली. शिवाय २७−१ = २६, आणि २६ व ९१ यांचा मसावि १३. अवयवही हाती!

इतकं नशीब क्वचितच साथ देतं. २ चा १,६७,७७,२१६ वा घात अधिक १, ही फर्माची चोविसावी संख्या ५०,५०,४४६ अंकी आहे. ३ पासून सुरुवात करून १,६७,७७,२१५ वेळा वर्ग केल्यावर १९९९ मध्ये ती संयुक्त ठरली. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.

संख्या संयुक्त आहे हे कळणं सोपं, तिचे अवयव शोधणं अवघड. इंटरनेटवरचे संदेश गुप्त ठेवणाऱ्या आरएसए या सांकेतिक कुलपाचा भरवसा नेमका या दरीवर आहे. साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्या अशाच चाचणीनं निवडायच्या, गुणायच्या आणि ६१७ अंकी गुणाकार उघड करायचा. २०२० मध्ये २५० अंकी गुणाकार फोडायला एका प्रोसेसर कोअरच्या हिशेबानं सुमारे २,७०० वर्षांची मेहनत लागली.

कुलूप बिघडतं ते मूळ संख्या निवडताना. यादृच्छिक आकडे नीट निघाले नाहीत, तर दोन यंत्रं एकच मूळ संख्या उचलतात. मग दोन्ही गुणाकारांचा मसावि काढला, की ती संख्या लगेच बाहेर पडते आणि दोन्ही कुलपं उघडतात. २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या, म्हणजे असे उघड केलेले गुणाकार, तपासल्या, तेव्हा त्यांतल्या हजारो अशाच निघाल्या: शाळेतल्या मसावीनं फुटणाऱ्या.