दायगोउ : परदेशी मध्यस्थामार्फत अस्सल क्रीडावस्त्रांची खरेदी

परदेशात राहणाऱ्या किंवा तेथे वारंवार ये-जा करणाऱ्या व्यक्तीने मायदेशातील गिऱ्हाइकासाठी दुकानातून वस्तू विकत घ्यायची, आणि ठरलेली दलाली घेऊन ती त्याच्या घरपोच करायची, अशी खरेदीची पद्धत. ती मुख्यतः चीन, हाँगकाँग आणि तैवान येथील चिनी भाषक समाजात रुजली. हे काम करणाऱ्या माणसालाही दायगोउ असेच म्हणतात. बालकांची दूधभुकटी, सौंदर्यप्रसाधने, महागड्या चामडी पिशव्या आणि घड्याळे यांची खरेदी या मार्गाने मोठ्या प्रमाणावर झाली. नामांकित कंपन्यांचे बूट, ट्रॅकसूट, जॅकेट, जर्सी अशा क्रीडावस्त्रांचे स्थान मात्र या पद्धतीत काहीसे वेगळे आहे. एक तर यातील बहुतेक माल आशियातच तयार होतो. त्यामुळे तो समुद्रापलीकडे जातो, तेथे विकत घेतला जातो आणि पुन्हा आशियात परततो. दुसरे म्हणजे या मालाच्या नकला जितक्या सफाईने होतात, तितक्या फार थोड्या वस्तूंच्या होतात.

परदेशातील विद्यार्थी, विमानातील कर्मचारी, पर्यटकांचे वाटाडे आणि परदेशी स्थायिक झालेल्या गृहिणी हे या व्यवसायाचे पहिले मनुष्यबळ. सुरुवातीला ओळखीतल्यांसाठी आणलेली एखादी वस्तू, मग ओळखीच्यांच्या ओळखीसाठी, अशी ही साखळी वाढत गेली. २००८ साली चीनमध्ये दूधभुकटीत मेलामाइन या रसायनाची भेसळ उघडकीस आली. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख बालकांना बाधा झाली. ‘बाहेरून आणलेले तेच खरे’ ही भावना त्या घटनेनंतर घट्ट झाली आणि दुधापुरती ती राहिली नाही. २०११ मध्ये वीचॅट हे संदेश पाठवण्याचे चिनी ॲप आले. मध्यस्थाला स्वतःचे दुकान नसतानाही शेकडो गिऱ्हाइकांना रोज नव्या मालाची छायाचित्रे दाखवण्याची सोय त्यामुळे झाली.

किमतीतील तफावत

एकाच बुटाची किंमत दोन देशांत वेगवेगळी का असते, या प्रश्नावरच हा सारा व्यवहार उभा आहे. पहिले कारण कराचे. २०१५ च्या १ जूनपूर्वी चीनमध्ये क्रीडाबुटांच्या आयातीवर २२ ते २४ टक्के शुल्क होते, त्या दिवशी ते १२ टक्क्यांवर आले. मूल्यवर्धित कर तेव्हा १७ टक्के होता, आणि तो शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० युआन आयातमूल्याचा जोड २४ टक्के दराने बंदरातून बाहेर पडेपर्यंत सुमारे १४५ युआनांचा होई. १२ टक्के दरानेही तो १३१ युआनांच्या खाली येत नसे. १ जुलै २०१८ रोजी कपडे, पादत्राणे, स्वयंपाकघरातील वस्तू आणि क्रीडासाहित्य यांवरील सरासरी शुल्क १५.९ टक्क्यांवरून ७.१ टक्क्यांवर आणले गेले. एप्रिल २०१९ मध्ये मूल्यवर्धित करही १३ टक्के झाला.

पण करावरच सगळे खापर फोडता येत नाही. चीनमध्येच शिवलेल्या आणि तेथेच विकल्या जाणाऱ्या बुटावर आयातशुल्क लागत नाही, तरीही त्याची तेथील किंमत अमेरिकेतील किमतीहून अनेकदा जास्त असते. कंपन्या प्रत्येक बाजारपेठेत तेथील गिऱ्हाईक किती देईल हे पाहून भाव ठरवतात. अमेरिकेत हंगाम संपताच आउटलेटमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सवलतीच्या दुकानांत, माल मोठ्या सवलतीत निघतो, आणि मध्यस्थाची खरी कमाई अशा सवलतींच्या दिवसांत होते. छापील किमतीने घेतलेल्या मालावर टपालखर्च आणि दलाली चढवली की फारसे काही उरत नाही. ऑरेगन आणि डेलावेअर या राज्यांत विक्रीकर नाही. म्हणून चीनला माल पाठवणाऱ्या अनेक कंपन्यांनी आपली गोदामे तेथे थाटली. हाँगकाँगमध्ये तर विक्रीकरही नाही आणि मद्य, तंबाखू, खनिज तेल व मिथिल अल्कोहोल सोडल्यास आयातशुल्कही नाही. तेथील माँगकॉक भागातली फा युएन रस्त्यावरची बुटांची दुकाने या व्यापाराचे जुने ठिकाण आहे.

जपानमध्ये पर्यटकाला एका दुकानात एका दिवशी किमान ५,००० येनची खरेदी केल्यास उपभोग कर माफ होतो. हा कर २०१४ पासून ८ आणि ऑक्टोबर २०१९ पासून १० टक्के आहे. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ तेथे राहणाऱ्या परदेशी माणसाला ही सूट सहसा नाही. त्यामुळे तोक्योत शिकणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा चार दिवसांसाठी आलेल्या मध्यस्थाला तोच जोड स्वस्त पडतो. येनचा भाव हा आणखी एक घटक. २०२४ मध्ये एका डॉलरला १६० हून अधिक येन मिळू लागले, तेव्हा जपानमधील खरेदी आपसूक स्वस्त झाली.

जे घरी मिळतच नाही

स्वस्ताई हे एकमेव आकर्षण समजणे चूक ठरेल. जाणकार गिऱ्हाईक अनेकदा अधिक पैसे मोजून मध्यस्थाकडे जाते, कारण हवे ते मॉडेल त्याच्या देशात येतच नाही. एकाच नावाचा हक्क निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कंपन्यांकडे असतो. ‘द नॉर्थ फेस’चा जपानमधील हक्क गोल्डविन या कंपनीकडे आहे. या नावाची ‘पर्पल लेबल’ ही मालिका २००३ पासून खास जपानसाठी निघते. कोरियात त्याच नावाखाली ‘व्हाइट लेबल’ विकले जाते. ‘फिला’चा चीनमधील व्यवसाय २००९ मध्ये आन्ता या चिनी कंपनीने घेतला, तेव्हापासून कोरियातील फिला आणि चीनमधील फिला यांचे कपडे बरेच निराळे दिसतात. हे सर्वच अस्सल आहे. ‘आमच्या दुकानात हा रंग नाही, म्हणजे तो बनावट’ हा निष्कर्ष म्हणूनच कच्चा असतो.

मापांचा घोळ येथूनच सुरू होतो. जपानमध्ये बुटाचे माप सेंटिमीटरमध्ये असते, कोरिया आणि चीनमध्ये मिलिमीटरमध्ये. जपानी २६.५ आणि कोरियन २६५ एकच. कपड्यांत अमेरिकी ‘एम’ आशियाई ‘एल’च्या जवळ जातो. जपानी क्रीडावस्त्रांवर तर ‘एल’च्या पुढे ‘ओ’ आणि ‘एक्सओ’ अशी अक्षरे असतात. परत पाठवण्याची सोय नसलेल्या या खरेदीत मापाची चूक पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या अंगावर पडते. चांगला मध्यस्थ म्हणून आधी पावलाची लांबी विचारतो आणि मगच पैसे घेतो.

अस्सलपणाचा प्रश्न

फूजियान प्रांतातील पुतियान हे शहर बनावट क्रीडाबुटांसाठी कुप्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकात तैवानी कंत्राटदारांनी परदेशी कंपन्यांसाठी बूट शिवण्याचे कारखाने चीनच्या किनारपट्टीवर आणले आणि ते कसब तेथील कारागिरांच्या हाती आले. पुढे कंत्राटी काम स्वस्त मजुरीच्या देशांकडे सरकले, कसब मात्र मागे राहिले. बनावट बूट ओळखणे अवघड का, याचे उत्तर येथे आहे. तो बूट शिवणारा हात बऱ्याचदा अस्सल बुटावरच तयार झालेला असतो.

उत्पादनाच्या देशावरून काहीच ठरत नाही, हे या विषयात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मे २०२३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात नायकीच्या पादत्राणांपैकी सुमारे ५० टक्के व्हिएतनाममध्ये, २७ टक्के इंडोनेशियात आणि १८ टक्के चीनमध्ये तयार झाली. अमेरिकेतील पोर्टलंडच्या दुकानातून घेतलेल्या बुटावर ‘चीनमध्ये निर्मित’ असे असणे अगदी स्वाभाविक आहे.

मग खात्री कशाची धरायची? गिऱ्हाईक प्रथम पावती मागते, पण पावती हा सर्वांत दुबळा पुरावा. ती छापता येते, किंवा एका खऱ्या खरेदीची पावती अनेक जोडांबरोबर फिरवता येते. दुकानातून थेट चित्रण दाखवणे तैवानमध्ये फार चालते. मध्यस्थ दुकानातल्या मांडणीसमोर उभा राहतो, माल दाखवतो आणि तेथल्या तेथे मागण्या घेतो. त्यावर भरवसा बसतो, पण दाखवलेला जोड आणि पाठवलेला जोड एकच असेल याची हमी त्यातून मिळत नाही. टपालाचा मागही फसवा असू शकतो. देशातच तयार झालेला बनावट माल परदेशातून निघाल्याच्या खोट्या नोंदी दाखवून, किंवा खरोखरच सीमेपलीकडे नेऊन परत पाठवून, ‘परदेशी खरेदी’ म्हणून विकल्याची प्रकरणे चीनमध्ये उघड झाली आहेत.

वस्तूची प्रत्यक्ष पारख त्याहून उपयोगी. नायकीच्या बुटाच्या जिभेआतील पट्टीवर सहा चिन्हांचा मॉडेल क्रमांक आणि त्यापुढे रंगाचा तीन अंकी क्रमांक असतो. तो खोक्यावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे आणि कंपनीच्या त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा असला पाहिजे. क्रमांक न जुळल्यास माल संशयास्पद समजावा. जुळल्याने मात्र तो अस्सल ठरत नाही, कारण नक्कल करणारे क्रमांकही उतरवतात. पुढची पारख शिवणीतील टाक्यांचे अंतर, गोंदाचे डाग, तळव्याचा लवचीकपणा, अक्षरांची जाडी अशा गोष्टींवर येते, आणि ती डोळा तयार झालेल्यालाच जमते. या गरजेतून तपासणीचाच व्यवसाय उभा राहिला. शांघायमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या ‘देवू’ या ऑनलाइन मंचावर विक्रेत्याचा माल आधी तपासनिसांकडे जातो आणि मगच गिऱ्हाइकाकडे रवाना होतो.

‘एक जरी बनावट निघाला तर दहापट भरपाई’ ही चिनी विक्रेत्यांची आवडती घोषणा आहे. कायद्यातील तरतूद वेगळी आहे. १५ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या सुधारित ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेत्याने फसवणूक केल्यास किमतीच्या तिप्पट आणि किमान ५०० युआन भरपाई मागता येते. परदेशात बसलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या मध्यस्थाकडून ती वसूल करणे अर्थातच कठीण.

सीमाशुल्क आणि कायदा

दुसऱ्यासाठी वस्तू विकत घेणे हा स्वतः गुन्हा नाही. विक्रीसाठी आणलेला माल स्वतःच्या वापराचा म्हणून दाखवून कर चुकवणे हा गुन्हा आहे. २०१० च्या नियमांनी परतणाऱ्या चिनी नागरिकाला ५,००० युआनांपर्यंतच्या, स्वतःच्या वापराच्या वस्तू करमुक्त ठरवल्या. टपालाने येणाऱ्या वैयक्तिक पुडक्याची मूल्यमर्यादा हाँगकाँग, मकाव व तैवानहून ८०० आणि इतर ठिकाणांहून १,००० युआन झाली. येणारा कर ५० युआनांच्या आत असेल तर तो माफ होतो. पुडक्यात एकच, विभागता न येणारी वस्तू असेल तर ती मर्यादेपलीकडची असूनही वैयक्तिक म्हणून सोडता येते. बुटांचा एकेक जोड वेगळ्या पुडक्यात पाठवण्याची मध्यस्थांची रीत या तरतुदींतून आली.

२०१२ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने कोरियातून सौंदर्यप्रसाधने आणून विकणाऱ्या एका माजी विमानसेविकेला ११ वर्षांची शिक्षा सुनावली. फेरसुनावणीत ती तीन वर्षांवर आली, पण या खटल्याने व्यवसायातील प्रत्येकाला धोक्याची जाणीव झाली. १ जानेवारी २०१९ रोजी ई-वाणिज्य कायदा लागू झाला. वीचॅटसारख्या माध्यमातून विक्री करणाऱ्यांनाही नोंदणी आणि करभरणा बंधनकारक झाला, आणि किरकोळ, प्रासंगिक व्यवहारांपुरतीच सूट राहिली. त्याच दिवसापासून अधिकृत सीमापार ऑनलाइन खरेदीची मर्यादा एका व्यवहाराला ५,००० आणि वर्षाला २६,००० युआन करण्यात आली. सरकारने एका हाताने दंडुका उगारला आणि दुसऱ्या हाताने वैध मार्ग रुंद केला. माझ्या मते दायगोउंची संख्या घटण्यात दुसऱ्या उपायाचा वाटा अधिक आहे, कारण भाव जवळ आले की मध्यस्थाची गरजच कमी होते.

तैवानमध्ये १ जानेवारी २०१८ पासून २,००० नव्या तैवानी डॉलरांपर्यंतचे पुडके करमुक्त आहे. सहा महिन्यांत सहाहून अधिक वेळा अशी सूट घेणाऱ्याला मात्र ती मिळत नाही. अस्सल मालाची समांतर आयात, म्हणजे अधिकृत वितरकाला वगळून केलेली आयात, तेथील व्यापारचिन्ह कायद्याला मान्य आहे. कंपनीने एकदा कुठेही विकलेला जोड पुन्हा विकण्यास तिला हरकत घेता येत नाही. तरीही स्थानिक वितरक अशा मालाची हमी किंवा दुरुस्ती स्वीकारण्यास बांधील नसतो, आणि सदोष तळवा घेऊन दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला हे तेथे गेल्यावरच कळते.

२०२० नंतर

महासाथीत सीमा बंद झाल्या आणि प्रवासावर जगणारे मध्यस्थ एका फटक्यात बेकार झाले. १ जुलै २०२० पासून चीनच्या हायनान बेटावरील करमुक्त खरेदीची वार्षिक मर्यादा ३०,००० वरून १,००,००० युआन झाली, तेव्हा त्यांतले काही तिकडे वळले. तेथला करमुक्त माल पुन्हा विकण्यास मनाई असल्याने त्यांच्यावर कारवायाही झाल्या. ८ जानेवारी २०२३ रोजी चीनने सीमा खुल्या केल्यावर व्यवसाय परतला, पण पूर्वीच्या आकारात नाही. गिऱ्हाइके स्वतःच प्रवास करू लागली होती आणि आन्ता, ली-निंग यांसारख्या चिनी कंपन्यांच्या बुटांनी तरुणांचा मोठा वर्ग आपल्याकडे ओढला होता.

जपानमधील दुकानातच कर वजा करण्याची पद्धत १ नोव्हेंबर २०२६ पासून बंद करण्याचा निर्णय झाला आहे. त्यानंतर पर्यटकाला करासह पूर्ण किंमत मोजावी लागेल आणि देश सोडताना माल सीमाशुल्क विभागाला दाखवल्यावरच कर परत मिळेल. मध्यस्थाला दहा टक्के रक्कम पदरची गुंतवावी लागेल, आणि तेथेच कोणाच्या हाती सोपवलेला किंवा आधीच टपालात टाकलेला जोड विमानतळावर दाखवता येणार नाही.