ओल पत्र्यावर किती तास राहते?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये माझी २००८ सालची गाडी रॅम्पवर चढवली होती. मिस्त्रींनी मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत हात घातला आणि आतल्या दुमडीतून ओंजळभर काळ्या मातीचे ढेकूळ ओढून काढले. पाऊस थांबून आठवडा झाला होता, गाडी चार दिवस सावलीत उभी होती आणि ढेकूळ वरून राखाडी, खडखडीत वाळलेले दिसत होते. त्यांनी ते फोडले तेव्हा आत बोटाला ओल लागली. मग त्याच जागी त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. शाबूत पत्रा ‘टण्’ असा वाजतो. इथे ‘ढब’ असा आवाज आला आणि टोक जरासे दाबताच ते रंगासकट आरपार गेले. वरचा रंग त्या क्षणापर्यंत चकचकीत होता.

सोलापुरात गाडीला गंज धरत नाही, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. कोकणातली जुनी गाडी घेऊ नये, सोलापूरची निर्धास्त घ्यावी, असे जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारेही सांगतात आणि त्यात तथ्य नाही असे नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो. शिवाय समुद्राचे खारे वारे इथवर पोहोचत नाहीत. परंतु पाऊस किती पडला याच्याशी गंजाला फारसे देणेघेणे नसते. पत्रा किती तास ओला राहिला, याच्याशी असते. गंजाच्या अभ्यासात ‘ओलाव्याचा काळ’ ही स्वतंत्र संज्ञाच आहे. हवेची गंजकारकता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात हवेतील क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या बरोबरीने हा काळ विचारात घेतात आणि तापमान शून्य अंशांच्या वर व सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असलेले तास त्यात धरतात. त्या हिशेबाने आपले शहर वर्षातील बहुतेक दिवस सुरक्षित आहे. मात्र हा हिशेब उघड्या पत्र्याचा आहे, मातीखाली दडलेल्या पत्र्याचा नाही.

मातीखाली नेमके काय घडते, हे समजायला भाकरीचा लोखंडी तवा पुरतो. तव्याची एक जागा काचपेपरने घासून लख्ख करावी, तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक टपोरा थेंब ठेवावा आणि तासा-दोन तासांनी पाहावे. जिथे हवा लगत आहे त्या कडेला गंज धरेल, असा आपला अंदाज असतो. प्रत्यक्षात अगदी बाहेरची कडा स्वच्छ राहते, तांबूस कडे थोडे आत उमटते आणि थेंब पुसल्यावर लोखंड खाल्ले गेलेले आढळते ते मध्यभागी. केंब्रिजमधील शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात या थेंबाचा बारकाईने अभ्यास केला, म्हणून तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोहोचतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथले लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळू लागते. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत कडेपर्यंत जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन ते स्वीकारतात. मीठ विरघळल्याने पाण्यातून वीज सहज वाहते आणि ही सारी देवाणघेवाण वेगाने होते. थोडक्यात, तो थेंब म्हणजे एक चिमुकली बॅटरीच असते आणि तिच्यात लोखंड झिजते एका जागी, तर गंज साठतो दुसऱ्याच जागी.

आता थेंबाच्या जागी मातीचे ढेकूळ ठेवून पाहा. ढेकळाखाली ऑक्सिजन पोहोचत नाही, ढेकळाच्या कडेला तो भरपूर असतो आणि मधली माती ओली असते. बॅटरीला आणखी काय हवे? पत्रा खाल्ला जातो तो नेमका ढेकळाखाली, नजरेआड.

यात आपली काळी माती इतर मातींपेक्षा अधिक घातक ठरते आणि त्याचे कारण शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि पुढे पाऊस जवळजवळ नसतानाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थोड्याफार दवावर, माघ-फाल्गुनात काढणीला येते. काळ्या मातीतली चिकणखनिजे पातळ थरांची बनलेली असतात. पाणी त्या थरांच्या मधोमध शिरते, माती फुगते आणि मग ते पाणी सहजी सोडत नाही. जी माती चार महिने पीक जगवते, ती चाकाच्या कमानीत अडकल्यावर पत्रा आठवडाभर ओला ठेवते, यात नवल ते काय! आपल्याकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. नेमके त्याच सुमारास आपण शेतावर, यात्रेला, लेकीच्या गावी कच्च्या रस्त्याने गाड्या घालतो आणि परतल्यावर बोनेट व काचा पुसून समाधान मानतो. महिन्याला हजारो रुपयांचे पॉलिश करण्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत दर आठवड्याला चारही कमानींच्या आतल्या दुमडीत पाण्याचा पाइप धरणे आणि बोटाने चाचपून माती काढणे गाडीच्या आयुष्याला अधिक उपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी कोणते वापरावे, हाही प्रश्न आहेच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गाडी बोअरच्या पाण्यानेच धुतली जाणार. ते वाळल्यावर उरणारे पांढरे डाग बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. ते दिसायला वाईट, पण पत्र्याला निरुपद्रवी. मात्र त्याच पाण्यात थोडीफार क्लोराइडेही असतात आणि ती मागे राहतात. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेऊन विरघळते, मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच; म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी हवाही त्याच्यापुरती दमट असते. म्हणून धुणे बोअरच्या पाण्याने झाले तरी शेवटची बादली नळाच्या पाण्याची असावी, दारे उघडी टाकून गाडी तासभर उन्हात उभी करावी आणि मगच तिच्यावर कव्हर चढवावे. ओल्या गाडीवर घातलेले कव्हर हे ढेकळाचेच काम करते.

कारखान्यातून निघताना पत्रा उघडा नसतो. जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीच्या त्या पोलादावर आधी फॉस्फेटचा थर देतात, मग सगळा सांगाडा विद्युतभारित प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि त्याच्यावर रंगाचे थर चढतात. अनेक गाड्यांत खाली जस्ताचा मुलामाही असतो. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडते, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. वीस वर्षांपूर्वीच्या लहान, स्वस्त गाड्यांत मात्र सगळ्याच पत्र्यांना हा मुलामा नसे. रंग एकदा खडी लागून उडाला की पुढचा कारभार गंजाच्या हाती जातो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट बिलगतो आणि पुढची झीज थांबवतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडाच्या काही पट जागा व्यापतो आणि पाणी धरून ठेवतो. रंगाखाली फुगलेला फोड दिसतो तो यामुळेच. असा फोड दिसला की झीज आधीच बरीच पुढे गेली आहे, असे समजावे.

दारे आणि फुटबोर्डखालची पोकळ पट्टी या दोन जागा त्याहून फसव्या. काचेच्या रबरातून पावसाचे पाणी दारात उतरणारच, असे गृहीत धरून दाराच्या तळाला निचऱ्याची लहान भोके ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की दाराची टाकी होते. माझ्या गाडीच्या बाबतीत ती धुळीने नव्हे, पैसे मोजून बुजवली गेली. काही वर्षांपूर्वी एका सर्व्हिस सेंटरने खालून काळे डांबरासारखे अंडरकोटिंग करण्याचा आग्रह धरला आणि मी तो मानला. त्यांनी माती नीट न काढता, गंज न खरवडता, निचऱ्याच्या भोकांसकट सगळ्यावर तो थर मारला. वरून पाणी आत जात राहिले आणि खालून बाहेर पडेना. मिस्त्रींनी सायकलच्या चाकाची आर घालून एक भोक मोकळे केले, तेव्हा तपकिरी पाण्याची बारीक धार बराच वेळ लागली होती. अंडरकोटिंग वाईट नसते. ओलीवर झाकण घालणारे अंडरकोटिंग वाईट असते. जुने इंजिन ऑइल तळाला फासण्याची युक्तीही मी सुचवणार नाही, कारण त्याने रबरी बुश फुगून खराब होतात, ऑइल जमिनीत मुरते आणि त्याला चिकटलेली धूळ पुन्हा तोच लगदा तयार करते. पोकळ जागांसाठी मेणयुक्त फवारा मिळतो, तो निचऱ्याची भोके मोकळी ठेवून मारावा.

गंज धरलाच तर तो काढण्याची रीत कष्टाची आहे, महागडी नाही. सुटा गंज वायर ब्रशने आणि काचपेपरने जाईल तेवढा काढावा. जो खड्ड्यांत घट्ट बसून राहतो, त्यावर फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण लावावे. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते आणि तो थर त्या मानाने स्थिर असतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे टिकला, त्यामागेही फॉस्फरसच आहे. त्या लोखंडात तो बराच असल्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून पुढे आले. द्रावणाचा जोर संपल्यावर जागा पुसून पूर्ण वाळवावी, इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर मारावा आणि मगच रंग द्यावा. रेड ऑक्साइड या लाल प्रायमरवर आपल्याकडे फार भिस्त असते, पण त्यातला लाल रंग हा लोहाचाच ऑक्साइड आहे. तो हवापाणी अडवणारा एक पडदा आहे, गंजावरचे औषध नव्हे. पुट्टी तर उघड्या पत्र्यावर कधीही भरू नये, कारण ती ओल शोषते आणि पत्र्याला लावून ठेवते. सडक्या पत्र्यावर पुट्टी थापून चकचकीत केलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ येतात. रुमालात गुंडाळलेला छोटा चुंबक कमानींवर आणि दारांच्या तळाशी फिरवला की तो जिथे निसटतो, तिथे काय दडले आहे ते कळते.

प्रत्येक गंजावर पैसे घालायचे नसतात. दाराच्या कडेचा गंज दिसायला वाईट, पण तो थांबवून ठेवला तरी चालते. सस्पेन्शन जिथे जोडलेले असते ती जागा, जॅक लावायची पट्टी, सीटबेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात बसतो तो पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या यांना गंज लागला, तर मात्र रंगरंगोटीत वेळ न घालवता सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा, नळ्या बदलाव्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे तपासणी होऊन ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. माझी २०२३ मध्ये वाढवून मिळाली. २०२८ साली तिला पुन्हा तपासणीला उभे राहायचे आहे आणि तेव्हा रंगाची चमक कामाला येणार नाही, हे ध्यानात ठेवून मी मागच्या कमानीचे वेल्डिंग करून घेतले आणि बोनेटचे ओरखडे तसेच ठेवले.

ओल गाडीच्या आतही असते. सोलापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणारे अनेक जण आहेत. गोठण्यापासून बचाव हे कूलंटचे अनेक कामांपैकी एक काम आहे. त्यातील गंजरोधक द्रव्ये इंजिनचे ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम आतून सांभाळतात, शिवाय त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, जे आपल्या ४३ अंशांच्या मे महिन्यात क्षुल्लक नाही. ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत कूलंट बदलावे आणि मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. ब्रेक ऑइल तर हवेतली ओल स्वतःच शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो आणि तेच पाणी आतल्या सिलिंडरला गंजवते. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलण्याचा खर्च गाडीच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त खर्चांपैकी आहे.

सायलेन्सरची गोष्ट मला स्वतःला सर्वांत उशिरा कळली. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफ होऊन निघून जाते. परंतु घरापासून नवी पेठेपर्यंत भाजीसाठी गाडी काढली आणि परत आणून लावली, की सायलेन्सर पुरेसा तापतच नाही. वाफेचे आतच पाणी होते, ते किंचित आम्लधर्मी असते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच साचून राहते. सायलेन्सर बाहेरून कोरडा ठणठणीत दिसत असताना आतून कुजतो तो यामुळे. गाडी आठवड्यातून एकदा तासभर सलग, सायलेन्सर चांगला तापेपर्यंत चालवणे, एवढाच यावर उपाय आहे. तुळजापूर इथून पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे. हल्ली मंगळवारी सकाळी मी गाडी काढतो तेव्हा घरचे लोक माझ्या वाढत्या भक्तीचे कौतुक करतात आणि मीही त्यांना सायलेन्सरविषयी काही सांगत नाही.