शरदातली बेगमी: घरच्या साठवणीची पार्श्वभूमी

उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र सारखे होतात. त्याच्या सर्वांत जवळची पौर्णिमा ती कापणीची पौर्णिमा, आणि या नावामागे आकाशातले गणित आहे. एरवी चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. या दिवसांत मात्र उत्तरेकडच्या मधल्या अक्षांशांवर हा फरक २५-३० मिनिटांवर येतो. त्यामुळे सलग तीन-चार संध्याकाळी सूर्य मावळतो न मावळतो तोच चांदणे पडते आणि कापणी रात्रीपर्यंत रेटता येते. वीज येण्यापूर्वीच्या शेतकऱ्याला ही फार मोठी सोय होती. पिकलेले धान्य कुणासाठी थांबत नाही. दाणे गळतात, पाऊस कणसे भिजवतो आणि गोठवणारी एक रात्र आली की भोपळ्याचा वेल सकाळी काळा पडलेला असतो.

सहा-आठ आठवड्यांत सगळे एकदम हाती येते आणि पुढचे पाच-सहा महिने तेच पुरवायचे असते. शरदातला निवांतपणा, मंद आचेवर तासन्‌तास शिजणारे भांडे, लवकर मिटलेली दारे, हे सगळे या बेगमीच्या कामावर उभे आहे. त्यासाठी माणसाने तीन वाटा शोधल्या. पीक जिवंत ठेवून झोपवायचे, त्यातले सूक्ष्मजीव मारायचे किंवा रोखायचे, नाहीतर उपकारक सूक्ष्मजीवांच्या हाती ते सोपवून द्यायचे. साठवण बिघडते ती बहुतेक वेळा एका वाटेचे नियम दुसरीला लावल्यामुळे.

पहिली वाट सर्वांत जुनी. लोहयुगातल्या ब्रिटनमध्ये खडूच्या जमिनीत पेव खणून धान्य ठेवत. हे पेव टिकत कसे असेल याचा उलगडा पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७२ पासून बट्सर इथल्या प्रायोगिक शेतीवर करून दाखवला. धान्य भरून तोंड चिकणमातीने लिंपले की कडेचे थोडे दाणे ओल धरून मोडावतात. ते आतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाकी सगळा साठा निद्रिस्त होतो. वसंतात पेव उघडल्यावर ते धान्य खाण्याजोगे तर होतेच, पेरण्याजोगेही होते. यातली अट कडक आहे. लिंपण फुटून पाणी शिरले की साठा गेला. पेव मधूनमधून उघडून पायली-दोन पायली काढून घेणेही जमत नाही, कारण हवा शिरताच धान्य पुन्हा जागे होते. एकदा उघडले की रिकामे करायचे.

फळांसाठी रोमन लोकांनी वेगळी खोली बांधली. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला शेतीलेखक व्हॅरो सांगतो की सफरचंदे कोरड्या, थंड जागी पेंढ्यावर ठेवावीत आणि खोलीच्या खिडक्या उत्तरेकडे असाव्यात. हे आजही बदललेले नाही. सफरचंदाला ० ते ४ अंश सेल्सिअस आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. फळे देठासकट, एकमेकांना न टेकवता, एकाच थरात मांडावीत. काढताना फळ ओढायचे नाही. तळव्यात धरून वर उचलत किंचित पिळायचे. देठ सहज सुटला तरच ते तयार आहे.

एक नासके फळ शेजारची नासवते हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण ठाऊक व्हायला विसावे शतक यावे लागले. दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीन या वायूचा रोपांवर परिणाम होतो हे दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवले आणि पिकणारे फळ स्वतःच इथिलीन सोडते हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. घरापुरता याचा अर्थ एवढाच की सफरचंदे आणि बटाटे एका खोलीत ठेवू नयेत. इथिलीनमुळे बटाट्याची झोप बिघडते आणि गाजर कडवट होते.

बटाट्यालाही काढल्या काढल्या थंडीत ढकलू नये. आधी १०-१५ दिवस अंधारात, १० ते १५ अंशांत, दमट हवेत ठेवले की खरचटलेली साल जाड होऊन भरून येते. मग ४ ते ७ अंश. त्याहून थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना काप काळे पडतात. उजेडात ठेवले तर हिरवे होतात आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. गाजरांचे पान खुडून ती दमट वाळूत, शून्याच्या जरा वर, थरावर थर लावावीत. धुवायची नाहीत.

लाल भोपळ्याची गोष्ट या सगळ्यांहून उलटी आहे, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या गिला नाकित्स गुहेत सापडलेल्या बिया सांगतात की हे पीक माणसाने सुमारे १०,००० वर्षांपूर्वी आपलेसे केले. ते उष्ण प्रदेशातले फळ आहे, त्याला तळघराची ओल मानवत नाही. नखाने सालीवर ओरखडा उठेनासा झाला आणि देठ लाकडासारखा कडक झाला की भोपळा काढावा. देठ ५ ते १० सेंटिमीटर ठेवून सुरीने कापावा आणि देठाला धरून भोपळा कधीही उचलू नये, कारण देठाच्या मुळाशी गेलेली केसाएवढी भेगही बुरशीला पुरते. मग २७ ते २९ अंशांत, खेळत्या हवेत दहा दिवस. या मुदतीत साल पक्की होते, ओरखडे सुकतात, पिठाची साखर होऊ लागते. पुढे १० ते १३ अंश आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता. १० अंशांखाली गर आतून पाणचट होतो आणि वरून काही दिसत नाही. जमिनीवर थेट न ठेवता फळीवर ठेवावा, नाहीतर टेकलेल्या बाजूने सडतो.

सूक्ष्मजीवांच्या हाती सोपवण्याची वाट मिठाची. कोबी बारीक चिरून वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ लावायचे, म्हणजे किलोला २० ते २५ ग्रॅम, आणि पाणी सुटेपर्यंत चुरायचे. १८ ते २२ अंशांत तीन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला ल्यूकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू कामाला लागतात, आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि लॅक्टोबॅसिलस ताबा घेतात. मीठ कमी पडले किंवा हवा तापली तर हा क्रम चुकतो आणि कोबी लिबलिबीत होते. मीठ जास्त झाले तर आंबणेच अडते. कोबी सतत तिच्याच पाण्याखाली दाबलेली हवी. वर आलेल्या एका पानावरून बुरशी सुरू होते.

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७६८ मध्ये एन्डेव्हर जहाजावर निघाले तेव्हा अशी ७,८६० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त, आंबवलेली कोबी सोबत होती. खलाशी ती खाईनात. कुकनी ती रोज अधिकाऱ्यांच्या मेजावर वाढायला लावली आणि खलाशांना हवी तर घ्या म्हणून सांगितले. आठवडाभरातच मागणी इतकी वाढली की प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यावा लागला.

सूक्ष्मजीव रोखण्याची साखरेची वाट मात्र फार काळ श्रीमंतांचीच होती. आंद्रेयास मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटमधून साखर काढून दाखवली आणि पुढच्या शतकात बीटसाखरेचे कारखाने उभे राहिले. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचा कर काढून टाकला. तेव्हा कुठे जॅम सामान्य घरात पोचला. जॅम टिकतो तो ६५ टक्क्यांच्या आसपास साखर फळातले पाणी धरून ठेवते म्हणून, आणि जमतो तो पेक्टिन (फळातले घट्टपणा आणणारे द्रव्य), आम्ल आणि साखर यांचा मेळ बसतो म्हणून. पाणी जिथे १०० अंशांना उकळते तिथे जॅम १०४ ते १०५ अंशांना उतरवावा. उंचावर पाण्याच्या उकळबिंदूहून ४-५ अंश वर धरावे. आरोग्याच्या विचाराने साखर निम्मी केली तर तो जॅम राहत नाही, उकडलेले फळ होते, आणि ते फ्रीजमध्येच ठेवावे लागते.

आता बरणी. पॅरिसचे मिठाईवाले निकोला आपेर यांनी जाड काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच तारेने घट्ट बांधून, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. पद्धत जाहीर करण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारने १८१० मध्ये त्यांना १२,००० फ्रँक दिले. अन्न का टिकते हे त्यांना माहीत नव्हते. हवा काढल्यामुळे टिकते असा समज होता. अन्न सूक्ष्मजीवांमुळे नासते हे दाखवणारे पाश्चर यांचे प्रयोग यायला अजून पन्नास वर्षे होती. घरगुती वापरासाठी खरी सोय झाली ती न्यू यॉर्कच्या जॉन लँडिस मेसन यांच्या आट्यांच्या काचबरणीने, जिचे पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ चे आहे. जर्मनीत रुडॉल्फ रेम्पेल यांनी १८९२ मध्ये रबरी कडी आणि काचेचे झाकण असलेली रीत पेटंट केली आणि १९०० मध्ये योहान वेक यांच्या कंपनीने ती घरोघर नेली.

बरणी बंद राहिली म्हणजे अन्न सुरक्षित, ही समजूत इथेच रुजली, आणि ती जीवघेणी आहे. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एल्झेल गावी खारवलेले हॅम खाऊन वादक मंडळी आजारी पडली, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधून १८९७ मध्ये मांडला, तोच बोट्युलिझम या अन्नविषबाधेचा. याचे बीजाणू १०० अंशांना तासन्‌तास तग धरतात आणि हवाबंद, कमी आम्लाच्या जागेत विष तयार करतात. वास बदलेलच असे नाही. १९१७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कमी आम्लाच्या पदार्थांसाठी दाबाखालची वाफच हवी असे सांगितले.

सीमारेषा पीएच ४.६ ची (पीएच म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त). त्याखाली सफरचंद, नाशपाती, प्लम. यांना उकळते पाणी पुरते. त्यावर भोपळा, गाजर, शेंगा, मका, मांस. यांना प्रेशर कॅनरच, म्हणजे बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवणारे मोठे भांडेच, हवे. टोमॅटो नेमका सीमेवर उभा असतो, म्हणून ९५० मिलिलिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालतात. बाटलीतला अशासाठी की त्याचे आम्ल ठरलेले असते, ताज्या लिंबाचे नसते.

सफरचंदाच्या फोडी पातळ पाकात पाच मिनिटे उकळून गरम बरणीत भराव्यात, वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडावी. लाकडी काडी कडेने फिरवून बुडबुडे काढावेत, कमी पडल्यास पाक घालावा, काठ ओल्या फडक्याने पुसावा. काठावर राहिलेला पाकाचा थेंब झाकण बसू देत नाही. झाकणावरची आट्यांची कडी बोटांच्या टोकांनी पिळावी, मनगटाचा जोर लावू नये, कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. बरण्या अडीच सेंटिमीटर पाण्याखाली बुडवून, उकळी आल्यापासून २० मिनिटे मोजावीत. ही वेळ समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंतची. ९०० मीटरपर्यंत २५, १,८०० पर्यंत ३०. बरणी बाहेर काढल्यावर कडी पुन्हा आवळू नये. १२ ते २४ तासांनी झाकणाचा मध्य दाबून पाहावा, टक्‌ असा आवाज आला तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवावी.

भोपळ्याचा फक्त अडीच सेंटिमीटरच्या फोडींचाच साठा करतात. दोन मिनिटे उकळून भरायच्या, मग ४७५ मिलिलिटरच्या बरणीला ५५ मिनिटे आणि ९५० मिलिलिटरच्या बरणीला ९०, काट्याच्या कॅनरमध्ये ११ पौंड दाबावर, ६०० मीटर उंचीपर्यंत. दाब धरण्याआधी दहा मिनिटे वाफ मोकळी सोडायची, कारण आत हवा राहिली तर काटा दाब दाखवतो पण तापमान गाठलेले नसते. भोपळ्याचा लगदा घरी बरणीबंद करूच नये. तो इतका दाट असतो की मधोमध उष्णता पोचेल याची खात्री देणारी वेळ ठरवता आलेली नाही. तो फ्रीझरमध्ये ठेवावा. रोजच्या स्वयंपाकाचा कुकरही या कामाचा नाही. तो फार लवकर तापतो आणि निवतो, आणि वेळा कॅनरच्या संथ गतीवर बेतलेल्या आहेत.

कामे आवरली की चुलीपाशी बसायचे दिवस येतात. शरदात दीर्घकाळ शिजणारे पदार्थ रुळले याचे साधे कारण इंधन आहे. घर उबदार ठेवायला विस्तव पेटलेलाच असे, त्यावर भांडे ठेवायला वेगळा खर्च नव्हता. विस्तवाशिवाय शिजवायची युक्तीही जुनी. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची अशी पेटी मांडली होती. तीन-चतुर्थांश भरलेले जड भांडे १०-१५ मिनिटे खळखळ उकळून, चहूबाजूंनी दहा सेंटिमीटर वाळले गवत किंवा लोकर दाबून चार-पाच तास ठेवायचे. मधे झाकण उघडायचे नाही. भांडे अर्धेच भरले तर उष्णता टिकत नाही, आणि ६० अंशांखाली रेंगाळलेले अन्न धोक्याचे. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, पेटीत जाण्याआधी निदान अर्धा तास उकळलाच पाहिजे. त्यातले लेक्टिन हे विषारी द्रव्य मंद उष्णतेने जात नाही, आणि कच्चट दाण्यांनी उलट्या होतात.

साठा संपवण्याचा क्रम साठवतानाच ठरवावा. डागाळलेली सफरचंदे ऑक्टोबरातच शिजवून टाकावीत. लवकर तयार होणाऱ्या जाती काही आठवडे टिकतात, उशिराच्या मार्चपर्यंत जातात. पातळ सालीचे छोटे भोपळे पाच ते आठ आठवड्यांत, बटरनट दोन-तीन महिन्यांत, जाड सालीचे हबर्ड पाच-सहा महिन्यांत संपवावेत. बरण्यांवर तारीख लिहून वर्षाच्या आत वापराव्यात; झाकण फुगलेली किंवा उघडताना फसफसणारी बरणी चव न घेता टाकावी. आठवड्यातून एकदा तळघरात उतरून प्रत्येक थर हाताने चाळावा, आणि मऊ लागलेले फळ त्याच दिवशी बाहेर काढावे.