राजदूत ३५०: नवं किट टाकूनही एक सिलिंडर रुसतो तेव्हा

एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये बाजारात आणलेल्या राजदूत ३५० या मोटारसायकलला दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतःचा कार्बोरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग). दोन्ही उघडून धुतले, किट (जेट, सील वगैरे सुट्या भागांचा संच) बदललं, तरी गाडी एका बाजूने मिसिंग मारते, म्हणजे एक सिलिंडर मधूनच पेटत नाही, किंवा मूठ सोडल्यावरही रेस खाली येत नाही, ही नेहमीची तक्रार. हात लगेच जेटकडे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याकडे जातो. जेटची पाळी खरं तर शेवटी.

आधी दोन्ही प्लगची अदलाबदल करा. मिसिंगने बाजू बदलली, तर दोष प्लगचा. या गाडीत पॉइंटही (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) सिलिंडरगणिक वेगळे असतात. त्यांची गॅप आणि टायमिंग बघितल्याशिवाय कार्बोरेटरला दोष देऊ नये.

मग पेट्रोलची पातळी. इंजिन पेट्रोल ‘ओढतं’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात फ्लोट चेंबरमधल्या (कार्बोरेटरखालच्या वाटीतल्या) पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. स्लाइडखालच्या (मुठीसोबत वर-खाली होणाऱ्या दट्ट्याखालच्या) अरुंद वाटेत हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो, आणि या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर चढतं. पातळी वर असेल तर थोड्या फरकानेही ते चढतं आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. खाली असेल तर लीन (पेट्रोल कमी). मोजताना कार्बोरेटर तिरका धरावा. फ्लोटची (तरंगत्या भागाची) पट्टी नीडल व्हॉल्व्हच्या (पेट्रोल आत येणं थांबवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगदार टोकाला नुसती टेकलेली हवी. टोक दबलं की माप चुकलं. मॅन्युअलमधला आकडा दोन्हीकडे सारखा यायला हवा. चेंबरची हवेची नळी तुंबली किंवा चेपली असेल, तर गाडी थोडी धावून बंद पडते. टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलं तरी तेच.

रेस लटकत असेल तर बाहेरची हवा शिरते आहे का ते पाहा. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधलं रबर चिरलेलं असतं, क्लॅम्प सैल असतो, नाहीतर क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं. यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसच (क्रँकभोवतीचा कप्पाच) मिश्रण खेचतो, त्यामुळे सील फुटलं की कार्बोरेटर कितीही जुळवला तरी मिश्रण लीनच राहतं. अशी गाडी ताणून चालवली तर पिस्टन तापून जाम होतो.

यानंतर सिंक, म्हणजे दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातील असं जुळवणं. मुठीतून निघालेली एक केबल दोन्ही स्लाइड आणि ऑइल पंपाला (इंजिनला तेल पुरवणाऱ्या) वाटली जाते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडून प्रत्येक स्लाइडखाली ३ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा घाला. मूठ हळू फिरवली की दोन्ही दांडे एकाच क्षणी सैल व्हायला हवेत. नसतील तर केबलचा अॅडजस्टर फिरवा. स्लाइडची तासलेली बाजू फिल्टरकडे आहे ना, तेही इथेच बघून घ्या. घाईत बसवलेली स्लाइड उलटी निघते. सिंक झाल्यावर पंपाची खूण पुन्हा जुळवा, कारण केबल हलली की तेलाचं प्रमाणही हलतं.

आता एअर स्क्रू, म्हणजे मूठ बंद असतानाच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा. हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड आटा बाहेर काढा आणि गाडी गरम करा. या प्रकारात स्क्रू आत नेला की हवा कमी, म्हणजे रिच. (काही कार्बोरेटरांत स्क्रू इंजिनकडच्या बाजूला असून मिश्रण मोजतो, तिथे उलट.) एकेका बाजूला पाव-पाव आटा फिरवत सर्वाधिक रेस मिळते तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने रेस खाली आणा.

तक्रार उरली, तर मुठीवर चिकटपट्टी लावून ती किती उघडली याच्या खुणा करा. एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू बोलतात, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई), त्यापुढे मेन जेट. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. जेटमध्ये तार मात्र घालू नका. भोकाचा व्यास १० टक्क्यांनी वाढला, की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. स्वस्त किटमधल्या जेटवरचा आकडाही नेहमी खरा नसतो. जुनं जेट चांगलं असेल तर तेच बसवा.

आजचं पेट्रोलही हिशेबात धरावं लागतं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणून २० टक्के इथेनॉलच्या इंधनात तेच जेट मिश्रण थोडं लीन करतं आणि क्लिप एखादी खाच खाली न्यावी लागू शकते. जुनी रबरं त्यात फुगतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर चेंबर रिकामा करून ठेवा.