‘आभाय’ मधला ‘य’

कोजागिरीच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी भुलाबाईची गाणी आटोपली, खिरापत ओळखून आणि वाटून झाली, आणि दूध आटेपर्यंत मुलांनी अंगणात गाण्याच्या भेंड्या मांडल्या. एका गटाचे गाणे ‘आभाळ’ या शब्दावर थांबले. समोरच्या गटातील तिसरीतल्या एका मुलीने जराही न अडखळता ‘य’चे गाणे सुरू केले. मोठ्या मुलांनी तिला थांबवले आणि ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यायचा असतो, असा नियम सांगून तिच्या गटावर भेंडी चढवली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काकाजी, आपन आभायच म्हन्तो ना, मंग ‘य’च येते.”

तिचे म्हणणे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते, आणि ते बरोबर का होते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. वऱ्हाडीतले ‘डोया’, ‘काया’, ‘आंघोय’ हे उच्चार म्हणजे जिभेचा आळस किंवा बोबडेपणा आहे, असा समज शिकलेल्या घरांतही पक्का आहे. जीभ ‘सुटावी’ म्हणून मुलांच्या जिभेवर वेखंड घासण्याची चालही अजून मोडलेली नाही. वेखंडाने कोणताही उच्चार सुधारत नाही. उलट त्याच्या तेलातील बीटा-असारोन हे द्रव्य उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरले आहे, म्हणून तो प्रकार तातडीने थांबवावा.

भेंड्यांमध्ये मुलाला नेमके काय करावे लागते, ते आधी पाहू. गाणे ‘शाळा’ या शब्दावर संपले, तर शेवटचा ‘ळा’ स्वरासह स्वतंत्रपणे ऐकू येतो आणि तो वेगळा काढणे सोपे जाते. ‘घर’ हा शब्द मात्र आपण लिहितो दोन अक्षरी आणि उच्चारतो ‘घर्’ असा एका दमात, कारण मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळून पडतो. तेथे मुलाला नुसता ‘र्’ सोडवून घ्यावा लागतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. पोर्तुगालमध्ये जोझे मोराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरक्षर प्रौढांपैकी बहुतेकांना शब्दाच्या आरंभीचे एकच व्यंजन वगळणे किंवा जोडणे जमले नाही, आणि मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना ते बऱ्यापैकी जमले. गाताना आपण शेवटचा स्वर लांबवतो, ‘घरऽऽ’ असा, त्यामुळे गाण्याच्या भेंड्यांत हा अवघड टप्पा लहान मुलांना थोडा सोपा होतो. म्हणूनच वाचायला नुकतेच शिकणाऱ्या मुलांसोबत भेंड्या खेळताना शेवटचा शब्द लांबवून गावा, तो घाईने तोडू नये.

आता ‘ळ’कडे वळतो. मराठीत एकही शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही आणि ‘ण’नेही होत नाही, म्हणून तर खेळात ‘ल’ आणि ‘न’ची सोय करावी लागली. ही अक्षरे शब्दारंभी का नाहीत, याचे उत्तर संस्कृत ते प्राकृत ते मराठी या प्रवासात आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले एकटे व्यंजन उच्चारात सैल पडते, तर शब्दारंभीचे किंवा दुहेरी व्यंजन आपली पकड टिकवून धरते. ‘फल’मधला एकटा ‘ल’ सैल पडला आणि ‘फळ’ झाले. ‘काल’, म्हणजे वेळ, याचे ‘काळ’ झाले. उलट ‘बिल्व’पासून प्राकृतात दुहेरी ‘ल्ल’ असलेला ‘बिल्ल’ आला, आणि त्याचे मराठीत ‘बेल’ झाले, ‘बेळ’ झाले नाही. ‘कल्य’पासून आलेला, गेलेला दिवस दाखवणारा ‘काल’ही तसाच ‘ल’वर टिकला. ‘पानीय’पासून ‘पाणी’ आणि ‘पर्ण’पासून (प्राकृतात दुहेरी ‘ण्ण’ असलेल्या ‘पण्ण’मार्गे) ‘पान’ या जोडीतही हाच भेद दिसतो. ‘लोहार’ आणि ‘नाव’ यांच्या आरंभी असलेले ‘ल’ आणि ‘न’ तर कधी सैल पडलेच नाहीत. म्हणून ‘काळ’ आणि ‘काल’ या दोन शब्दांमधला फरक हा दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या उच्चारांचा शिल्लक राहिलेला पुरावा आहे.

‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकते आणि हवा जिभेच्या बाजूंनी निघते. ‘य’ म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, पण टेकत नाही. टेकणे सुटले, जवळ जाणे उरले. स्पॅनिश भाषेच्या फार मोठ्या प्रदेशात टाळूवरचा ‘ल्य’सारखा ध्वनी असाच ‘य’कडे सरकला आणि तेथे त्याला कोणी आजार मानत नाही. वऱ्हाडीतला हा बदल मला त्याच जुन्या सैल पडण्याची पुढची पायरी वाटतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वऱ्हाडी बोलणारे मूल ‘फळ’ला ‘फय’ म्हणते, पण ‘बेल’ला ‘बेय’ म्हणत नाही; ‘काळा’ला ‘काया’ म्हणते, पण गेलेल्या दिवसाला ‘काल’च म्हणते. एकटा ‘ल’ आणि दुहेरी ‘ल्ल’ यांच्यातला प्राचीन भेद त्याच्या तोंडी ‘य’ आणि ‘ल’ या रूपाने जिवंत आहे. ‘ळ’ऐवजी ‘ल’ घेण्याचा खेळाचा नियम हा भेद पुसतो, आणि ‘य’ घेणारी ती मुलगी तो पाळते. ‘ण’बाबत मात्र वऱ्हाडीने तो सोडून दिला आहे, ‘पानी’ आणि ‘पान’ दोन्हीकडे आता ‘न’च ऐकू येतो.

हे सगळे त्या रात्री मुलांना सांगणे शक्य नव्हते. मी एवढेच सुचवले की ज्याला जसे ऐकू येते तसे अक्षर घ्यावे, मात्र ते घेण्याआधी शेवटचा शब्द मोठ्याने आणि लांबवून म्हणून दाखवावा. चढलेली भेंडी उतरवली गेली. त्यानंतरच्या फेरीत गाणे ‘पाणी’वर थांबले. मोठ्या मुलांनी नियमाप्रमाणे ‘न’ सांगितला, त्या मुलीनेही कानाप्रमाणे ‘न’च सांगितला, आणि दोन्ही गट एकदमच गायला लागले.