उदास मन भविष्याचा हिशेब कसा मांडतं

घड्याळ लावा आणि एका मिनिटात सांगा: येत्या वर्षभरात तुमच्या बाबतीत चांगलं असं काय काय घडेल? मिनिट संपलं की आणखी एक मिनिट घ्या आणि आता काय काय वाईट घडू शकतं ते सांगा. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅक्लाउड यांची ही चाचणी इतकीच साधी आहे. पुढचा आठवडा, पुढचं वर्ष, पुढची पाच-दहा वर्षं, आणि प्रत्येकासाठी किती गोष्टी सुचल्या याची मोजदाद. १९९६ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक बारीक पण फार कामाचा फरक दिसला. नुसती चिंता असलेल्या लोकांना वाईट शक्यता इतरांपेक्षा जास्त सुचल्या, चांगल्या मात्र इतरांइतक्याच. ज्यांना चिंतेच्या जोडीला नैराश्यही होतं, त्यांना वाईट जास्त सुचल्याच, शिवाय चांगल्या कमी सुचल्या.

सराफ्यातल्या जुन्या तराजूची कल्पना करा. चिंता एका पारड्यात वजनं टाकत राहते, नैराश्य दुसऱ्या पारड्यातली गुपचूप उचलून नेतं. काटा दोन्ही वेळा एकाच बाजूला झुकतो, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. घरचे नेमके इथेच फसतात.

उदाहरणासाठी इंदूरच्या लोकमान्य नगरातली एक मुलगी कल्पू या. वय सत्तावीस. भंवरकुआँला कोचिंग झालं, आता लायब्ररीची सीट घेऊन स्वतःच अभ्यास करते. पीएससीची (राज्य लोकसेवा आयोगाची) पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षेत, म्हणजे मेन्समध्ये, दोन्हीदा अडकली. समोर तीन वाटा आहेत: आणखी एक अटेम्प्ट, बी.एड., किंवा पुण्याला मावशीकडे राहून खाजगी नोकरी. आई म्हणते, "अगं, करून टाक बी.एड., घाबरतेस कशाला एवढी?" मुलगी म्हणते, "घाबरत नाहीये गं आई. मला पुढचं काही दिसतच नाहीये." आईचा दिलासा चिंतेसाठीचा आहे, मुलीची तक्रार नैराश्याची. भीतीचं पारडं कितीही हलकं केलं तरी दुसरं रिकामंच राहतं, आणि आईला वाटतं पोरगी ऐकत नाही.

"दिसत नाही" हे शब्दशः घ्यायला हरकत नाही. भविष्य डोळ्यांपुढे आणायला मेंदू जुन्या आठवणींचेच तुकडे वापरतो. कानाच्या वर, मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. त्याला दोन्ही बाजूंनी इजा झाली की नव्या आठवणी साठवणं बंद पडतं हे जुनंच ज्ञान. २००७ मध्ये लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना एक नवं दृश्य कल्पायला सांगितलं, समजा तुम्ही एका समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात. बहुतेकांना ते जमलं नाही. सुटेसुटे तुकडे सांगता आले, सलग जागा उभी राहिली नाही. (हेच हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि २०२४ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले.) नैराश्यात हिप्पोकॅम्पस असा निकामी होत नाही. पण आठवणींचा पोत बदलतो. मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८६ मध्ये दाखवलं की आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना एखादा शब्द देऊन त्यावरून एक नेमका प्रसंग आठवायला सांगितला, तर उत्तर ढोबळ येतं. "सुट्टीत मामाकडे जायचो तेव्हा" अशा धर्तीचं. मामानं सायकल शिकवली आणि पहिल्याच वळणावर आपण नालीत पडलो, हे येत नाही. नंतरच्या अभ्यासांत नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच वारंवार आढळलं, आणि ज्याच्या आठवणी ढोबळ त्याचं भविष्यही ढोबळ निघालं.

आता पुण्याच्या प्रश्नाकडे बघा. मुलगी म्हणते, "तिथे जाऊन काय होणार? इथे जे चाललंय तेच." हे वाक्य ठाम मतासारखं ऐकू येतं, पण त्याच्यामागे चित्रच नसतं. तिला पुण्यातला एक मंगळवार लिहायला सांगा: सकाळी किती वाजता उठायचं, डबा कोण करणार, बस कुठून, दुपारी जेवायला शेजारी कोण, पगाराचे किती मावशीच्या हातात ठेवायचे. बी.एड.चा एक मंगळवार लिही, अटेम्प्टचाही एक. तीन कागद शेजारी ठेवले की तुलना करायला निदान काही तरी हातात येतं. आठवणी नेमक्या करण्याच्या प्रशिक्षणाचे रीतसर प्रयोग झाले आहेत. त्यांचा फायदा दिसतो, पण माफक, आणि तो पुढे ओसरतो. तेव्हा या मंगळवाराकडे निर्णयाआधीची तयारी म्हणून बघावं, औषध म्हणून नाही.

घरात आणखी एक शब्द हमखास निघतो: आळस. त्यासाठी मायकेल ट्रेडवे यांचा २००९ चा प्रयोग बघण्यासारखा आहे. संगणकासमोर बसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी दोन कामांतून एक निवडायचं असतं. सोपं काम म्हणजे सवयीच्या हाताच्या तर्जनीनं सात सेकंदांत ३० वेळा बटण दाबायचं, त्याचा एक डॉलर. अवघड काम म्हणजे दुसऱ्या हाताच्या करंगळीनं २१ सेकंदांत १०० वेळा दाबायचं, त्याचे चार डॉलरच्या वरपर्यंत मिळू शकतात. जिंकण्याची शक्यता किती, हेही आधी सांगितलेलं असतं. नैराश्याच्या रुग्णांवर हीच चाचणी केली तेव्हा, २०१२ च्या निष्कर्षांनुसार, त्यांनी अवघड काम इतरांपेक्षा कमी वेळा निवडलं. शिवाय बक्षीस मोठं आहे किंवा शक्यता चांगली आहे, या माहितीचा निवडीवर व्हायचा तेवढा परिणामही झाला नाही. म्हणजे करंगळी सगळ्यांचीच दुखते. फरक पडतो तो "एवढं केल्याचं मोल मिळेल का" या आतल्या हिशेबात. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या मार्गांशी याचा संबंध आहे असं बहुतेक संशोधक मानतात. अशा मुलीला "मन लावून कर" सांगणं म्हणजे जे यंत्र अडलंय त्यालाच हुकूम सोडणं.

चिंतेबद्दल मात्र मला थोडं उलट्या बाजूनं बोलायचंय. चिंता म्हणजे डोक्यातला गोंधळ, बाहेर काहीच नाही, असं सांगणारे समुपदेशनाचे व्हिडिओ बघितले की राग येतो. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४५ जणांना एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड, कोणत्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वांत जास्त असेल, असं कोणालाही वाटेल. तो सर्वांत जास्त निघाला शक्यता बरोबर निम्मी-निम्मी असताना. आणि ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर चोख वर-खाली होत होता, त्यांचे अंदाज जास्त बरोबर आले. ताण हा शिकण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे.

मग मध्य प्रदेशातल्या उमेदवाराची अवस्था काय असेल? ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे राज्यात गेली काही वर्षं निकाल ८७-१३ च्या सूत्रानं लागू लागले: ८७ टक्के पदांचा निकाल जाहीर, १३ टक्के राखून ठेवलेला. त्या तेरात आपलं नाव आहे की नाही, आणि तो निकाल कधी लागणार, यातलं काहीच माहीत नसताना लग्नाच्या, नोकरीच्या, शहर सोडण्याच्या गोष्टी ठरवायच्या. अशा माणसाला झोप लागत नसेल तर त्याचं मन बिघडलंय असं मी एकदम म्हणणार नाही. बिघाड कुठे सुरू होतो, तर चिंता त्या एका निकालापुरती राहत नाही तेव्हा. वडिलांचा खोकला, गॅसची शेगडी, मैत्रिणीनं न उचललेला फोन, सगळ्यालाच ती चिकटते. सतत चिंतेचा विकार असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. त्यांनी दहा दिवस आपापल्या चिंता टिपून ठेवल्या, मग महिनाभर कोणती खरी ठरते ते ताडून बघितलं. सुमारे ९१ टक्के खऱ्या ठरल्या नाहीत. सहभागी थोडेच होते, त्यामुळे हा आकडा छातीवर लिहून फिरू नये. पण वहीत तारीख घालून चिंता लिहायची आणि नंतर तिथेच टिकमार्क करायची ही पद्धत घरबसल्या करता येते.

तर मग अशा मनानं निर्णय घ्यायचे की नाहीत? डॉक्टर सहसा सांगतात, नैराश्य तीव्र असताना मागे फिरता न येणारे निर्णय पुढे ढकला: नोकरीचा राजीनामा, घर विकणं, लग्न मोडणं. बरोबर आहे. पण फॉर्मची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. फॉर्म भरणं मात्र मागे फिरता येण्यासारखं आहे. फी जाईल, फार तर. फॉर्म भरावा आणि परीक्षेला बसायचं का, ते नंतर बघावं.

दरम्यान करायचं काय, याचं एक उत्तर गोव्यातून आलं आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी केली, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती २०१७ ला छापली गेली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ भेटींत एकच गोष्ट नेटानं करवून घेतली: मन लागण्याची वाट न बघता ठरवलेली छोटी कामं ठरल्या वेळी करायची. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते. नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटात ३९ टक्के. हीच पद्धत पुढे आपल्याकडे, मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात, आशा कार्यकर्त्यांना शिकवली गेली. इंदूरच्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की सकाळी सातला गच्चीवर दहा फेऱ्या, चारला आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवणं, संध्याकाळी एक उत्तर लिहिणं. आवड पुष्कळदा कृतीमागून येते, आणि त्या आवडीतूनच रिकाम्या पारड्यात काहीबाही पडू लागतं.

एवढ्यानं भागत नसेल तर? उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर टिकलं, सोबत झोप, भूक, लक्ष, शक्ती यांचंही गणित बिघडलं, तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथेच बाणगंगा भागात मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव काढलं की नातेवाईक काय म्हणतील, ही काळजी घरोघरी असते. तिच्यापायी उपचार वर्षभर लांबवणं महागात पडतं. औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं एकदम बंद करायची नसतात. जगू नये असं वाटत असेल तर मात्र ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका, घरातल्या कोणाला तरी लगेच सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

राहता राहिला परीक्षा सोडण्याचा प्रश्न. उपचारानंतर, तीन मंगळवार लिहून झाल्यावरही मुलीचं उत्तर "सोडते" असंच आलं, तर? आपल्या घरांत चिकाटीचं इतकं कौतुक असतं की सोडणं हे आजाराचंच लक्षण वाटतं. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांचं २००३ पासूनचं काम वेगळं सांगतं: हाती न येणारं ध्येय सोडता येणाऱ्या माणसांची मनःस्थिती बरी असते. त्यांनी दोन क्षमता वेगवेगळ्या मोजल्या, जुनं सोडण्याची आणि नवं धरण्याची, आणि दुसरीचाही मनाच्या स्वास्थ्याशी संबंध निघाला. तेव्हा लोकमान्य नगरातल्या त्या आईनं "सोडतेस का?" एवढंच विचारून थांबू नये. "सोडलीस, तर सोमवारी सकाळी दहाला कुठे असशील?" हेही विचारावं, आणि मुलीला उत्तर द्यायला आठवडाभर द्यावा.